34 हजारांचा कॉम्प्रेसर आणि एक पातळ वायसर

सकाळी धायरीतून निघताना गाडीचा एसी झकास चालायचा. नवले पुलाखालून कात्रजपर्यंत पोचेतो पायांना गार लागायला लागायचं. संध्याकाळी हडपसरहून परत येताना मात्र कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या गर्दीत शिरलं की पंधरा-वीस मिनिटांत जाळीतून येणारा वारा आधी कोमट आणि मग चक्क गरम. पंखा तेवढ्याच जोरात फिरतोय, बटणावरचा दिवा लागलेला आहे आणि आत मात्र इस्त्रीवाल्याच्या टपरीत बसल्यासारखं. घरी आल्यावर गाडी तासभर सावलीत उभी राहिली की पुन्हा गार. एप्रिलच्या मध्यापासून हा खेळ सुरू झाला.

गाडी 2009 ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. 15 वर्षं भरल्यावर पुनर्नोंदणी करून आणखी 5 वर्षांची मुदत घेतली आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण विकायला काढली तर लाखाच्या आतच जाईल. त्यामुळे एसीवर किती घालायचे याची मर्यादा मनात पक्की होती: पाच हजार. त्यापुढे आकडा गेला तर खिडक्या उघड्या टाकून हिंडायचं. सासूबाईंचा सल्ला पहिल्या दिवसापासून हाच. "आमच्या वेळी पुण्यात घरातसुद्धा पंखा लागत नव्हता, आणि तुम्हाला गाडीत एसी!" पुण्यात 30 एप्रिल 1897 ला 43.3 अंश तापमान नोंदवलं गेलंय, त्या दिवशीही कुणीतरी सासूबाई हेच म्हणाल्या असतील, असं मी मनातल्या मनात म्हटलं. तोंडाने अर्थातच नाही.

पहिला अंदाज एका सर्व्हिस सेंटरचा. गाडी सकाळी सोडली, दुपारी फोन आला, "मॅडम, कॉम्प्रेसर वीक झालाय." व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कागदावर कॉम्प्रेसर असेंब्ली, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व, गॅस, मजुरी आणि वर जीएसटी. बेरीज 34 हजारांच्या घरात. "वीक म्हणजे नेमकं काय?" विचारलं तर, "कूलिंग होत नाही ना, मॅडम." तपासलं कसं, याचं उत्तर काही मिळालं नाही. त्यांना सरसकट चोर म्हणणार नाही. तिथे पार्ट उघडून दुरुस्त करायची पद्धतच नसते. अख्खी असेंब्ली बदलायची, वॉरंटी द्यायची, विषय संपला. नव्या गाडीला ते परवडतं. लाखाच्या आतल्या गाडीला 34 हजारांचा एसी बसवणं म्हणजे चंपी करायला गेलेल्याने केशरोपण करून येणं.

दुसरा अंदाज घराजवळच्या गॅरेजचा. बॉनेट न उघडताच, "गॅस टाकून देतो, अठराशे द्या." मागच्या उन्हाळ्यातही त्यानेच गॅस टाकला होता. तेव्हा बॉनेट तेवढं उघडलं होतं, तपासणी काही झाली नव्हती.

या दोन टोकांमध्ये अडकल्यावर मी आठवडाभर गाडी चालवता चालवता एकच गोष्ट बघत राहिले: एसी नेमका कधी जातो आणि कधी परत येतो. कुणाकडेही गाडी नेण्याआधी हे बघून ठेवाच. कारण दुखणं कुठलं आहे ते बऱ्याच वेळा त्यातूनच कळतं. सिग्नलला उभं असताना गरम आणि गाडी पळायला लागली की गार, असं असेल तर कंडेन्सरच्या, म्हणजे गॅस निववणाऱ्या पुढच्या जाळीच्या, पंख्याकडे बघायचं. पंखा किंवा त्याचा रिले गेलेला असतो, आणि गाडी पळताना समोरून येणारा वाराच पंख्याचं काम करतो. सकाळ-संध्याकाळ, कधीही, कसंही लावलं तरी जेमतेम गार होत असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. वारा गार आहे पण जोरच नाही, तर ब्लोअर, नाहीतर धुळीने बुजलेली कूलिंग कॉइल. आमच्या गाडीचं यातलं काहीच नव्हतं. एकदा एसी गेला की कोंढव्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळून गाडी साठने पळाली तरी येत नव्हता. गाडी बंद करून निवली की मगच येत होता. म्हणजे गॅसमुळे नव्हे, तापण्यामुळे काहीतरी होत होतं.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नाना पेठेच्या पलीकडे, भवानी पेठेच्या अंगाला असलेल्या एका चाचांचा पत्ता दिला. ते फक्त गाड्यांच्या एसीचं काम करतात, दुसरं काही नाही. फोनवर लक्षणं सांगितल्यावर त्यांनी पहिली अट घातली. "ताई, सकाळी आणू नका. दुपारी आणा, गर्दीतनं आणा, तापवून आणा. बरी असताना आणली तर मी काय बघणार?" मला तिथेच निम्मा विश्वास बसला.

मेच्या पहिल्या आठवड्यातल्या एका शनिवारी, दुपारी अडीचला, लक्ष्मी रोडच्या गर्दीतून मुद्दाम रखडत तिथे पोचले तेव्हा एसीने व्यवस्थित मान टाकलेली होती. चाचांनी गाडी बंद करू दिली नाही. बॉनेट उघडलं, मला आत बसून एसीचं बटण बंद-चालू करायला सांगितलं आणि स्वतः कान देऊन उभे राहिले.

"आवाज येतो का बघा. टक्."

आला नाही.

एसी लावल्यावर जो बारीक 'टक्' आवाज येतो तो कॉम्प्रेसरच्या मॅग्नेट क्लचचा. पट्ट्यावरची पुली इंजिनबरोबर सतत फिरतच असते. कॉम्प्रेसर मात्र तेव्हाच फिरतो जेव्हा पुलीमागच्या कॉइलला करंट मिळतो, ती लोहचुंबक बनते आणि समोरची लोखंडी प्लेट ओढून पुलीला चिकटवते. चाचांनी टेस्ट लॅम्पचं टोक क्लचच्या वायरला लावलं. दिवा लागला. "करंट येतोय. म्हणजे रिले बरा, प्रेशर स्विच बरा, थर्मोस्टॅट बरा. वायरिंगचं काही नाही." ज्या तीन-चार गोष्टींवर एखाद्याने अंदाजपंचे पैसे उकळले असते त्या दहा रुपयांच्या दिव्याने एका फटक्यात बाद झाल्या.

मग त्यांनी फावड्याच्या दांड्यासारखी एक लांब लाकडी काठी घेतली, खालून अलगद आत घातली आणि न फिरणाऱ्या प्लेटला पुढून हलकेच टोचलं. टक्! प्लेट चिकटली, इंजिनचा आवाज थोडा जड झाला, आणि मिनिटभरात जाळीतून गार वारा. मी आत बसल्या बसल्या हसायलाच लागले. (हा प्रयोग घरी कुणी करू नये. फिरता पट्टा आहे, बोटं आणि ओढणी दोन्ही जातील.)

"कॉम्प्रेसर एकदम ओके आहे ताई. प्लेटचा गॅप वाढलाय."

इतक्या वर्षांत चिकटून-सुटून प्लेट आणि पुली दोन्ही झिजतात आणि त्यांच्यातली फट वाढत जाते. सकाळी कॉइल थंड असते, तिच्यात जोर असतो, ती वाढलेल्या फटीतूनही प्लेट ओढून घेते. दुपारी बॉनेटखाली सगळं तापतं. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. 80 अंशांनी तापली तर तिच्यातून जाणारा करंट सुमारे पाऊणपट उरतो. चुंबकाचा जोर कमी, फट मात्र तेवढीच. एकदा सुटलेली प्लेट मग परत ओढली जात नाही. गाडी निवली की सगळं जागेवर. माझ्या सकाळ-संध्याकाळच्या कोड्याचं उत्तर एवढंच होतं.

पुढचं काम गाडी निवल्यावर. ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूचं पुढचं चाक काढलं, आतलं प्लॅस्टिकचं कव्हर बाजूला केलं, तिथून कॉम्प्रेसरचं तोंड समोर येत होतं. फीलर गेजच्या पट्ट्या एकेक करून फटीत घातल्या. जवळजवळ 1 मिलीमीटर. असायला हवी अर्ध्याच्या आसपास. मीटरने कॉइलचा रोध मोजला, साडेतीन ओमच्या जवळ, म्हणजे कॉइल शाबूत. प्लेटच्या मधोमध एक बोल्ट. तो काढला, प्लेट हातात आली, आणि तिच्या मागे शाफ्टवर पत्र्याचे दोन पातळ वायसर. फट किती ठेवायची ते या वायसरवरच ठरतं. चाचांनी त्यातला एक काढून माझ्या हातावर ठेवला. नखाइतका पातळ, कडेने निळसर पडलेला. प्लेट परत बसवली, बोल्ट आवळला, पुन्हा फीलर गेज: 0.45. मग प्लेट हाताने फिरवून बघितली, कुठे घासत तर नाही ना. फट फारच कमी झाली तर प्लेट सुटल्यावरही घासत राहते आणि जळते, त्यामुळे ही तपासणी राहून चालत नाही.

या सगळ्यात गॅसला हातसुद्धा लागलेला नव्हता. प्लेट काढायला गॅस सोडावा लागत नाही. कुणी "क्लचचं काम आहे, म्हणून गॅसचे पैसे वेगळे" म्हणालं तर कॉम्प्रेसर खाली उतरवायला लागणार आहे का, ते आधी विचारायचं.

आता गॅस. मागच्या वर्षी भरला होता म्हटल्यावर चाचा म्हणाले, "मग गेला कुठं? पेट्रोल आहे का ते, जळायला?" एसीचा गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. जुन्या गाडीत रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं किंचित झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर ती गळती. इंजिन चालू ठेवून गेज लावलं तेव्हा लो साइड, म्हणजे कमी दाबाची बाजू, 22 पीएसआयवर होती. त्या उन्हात 35 च्या आसपास हवी.

इथे एक गंमत कळली. गाडी बंद असताना गेज लावून "प्रेशर शंभर आहे, गॅस फुल आहे" किंवा "थोडा कमी वाटतो" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी बंद गाडीतलं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. गाडीच्या एसीतला आर-134ए गॅस 30 अंशांना शंभर पीएसआयच्या जवळपास दाखवणारच, मग आत 200 ग्रॅम असो की 450. स्वयंपाकाच्या सिलिंडरचं रेग्युलेटर बघून किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही, वजनच करावं लागतं, तसंच हे. आणि गाडीला किती ग्रॅम लागतो ते बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर छापलेलं असतं. आमच्या गाडीला 450. स्टिकर इतका मळलेला होता की पंधरा वर्षांत तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. मी ओल्या फडक्याने पुसला आणि फोटो काढून ठेवला.

चाचांकडे गॅस ओढून घेऊन वजन दाखवणारं जुनं मशीन होतं. ते लावलं, 310 ग्रॅम निघाला. बऱ्याच ठिकाणी गॅस सरळ हवेत सोडतात, पटकन होतं म्हणून. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा 1,430 पट जोरकस धरला जातो, त्यामुळे आपल्या गाडीतला एसी दुरुस्त करून पुणं आणखी तापवण्यात अर्थ नाही.

नळ्या रिकाम्या झाल्यावर त्यांनी नायट्रोजन भरला. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरचा साधा वारा चालत नाही, त्यात ओल असते. मग साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक जोडावर. कंडेन्सरचे जोड कोरडे, ड्रायर कोरडा. मी मनात देवाचं नाव घेत होते, कारण गळती डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलला निघाली असती तर अख्खा डॅशबोर्ड खोलायला लागला असता आणि माझे पाच हजार तिथेच संपले असते. फेस लो साइडच्या सर्व्हिस व्हॉल्ववर, म्हणजे गॅस भरायच्या तोंडावर, लावला आणि तिथे मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला.

व्हॉल्वच्या आत टायरच्या ट्यूबमध्ये असते तशी पिन असते. गेज लावताना ती दाबली जाते. तिचं रबर कडक झालेलं, आणि वरची प्लॅस्टिकची टोपी तर गायबच. ही टोपी धुळीसाठी आहे असं मला वाटायचं. तिच्या आतही रबरी सील असतं, पिन थोडी झिरपली तर तीच गॅस अडवते. गॅस भरणारे घाईत टोपी काढतात आणि बॅटरीवर ठेवून विसरतात. तुमची टोपी जागेवर आहे का, आत्ताच जाऊन बघा.

पिन, दोन्ही टोप्या आणि उघडलेल्या जोडांच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) मी स्वतः नाना पेठेतल्या गाड्यांच्या पार्टांच्या बाजारातून आणल्या. चारचाकी तिथे घेऊन जाण्यात शहाणपण नाही. चाचांच्या पोऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले. नमुना हातात असेल तर काम पाच मिनिटांचं. दुकानदाराने पिन बोटांत फिरवून बघितली, मागे न बघताच एका डब्यात हात घातला आणि तशीच नवी काढून दिली. ओ-रिंगा मात्र हिरव्या, एसीच्याच मागायच्या. साध्या काळ्या रिंगा स्वस्त पडतात, पण या गॅसला आणि तेलाला टिकत नाहीत.

नंतर व्हॅक्यूम. पाऊण तास पंप चालू. आतली हवा तर निघतेच, पण दाब इतका उतरतो की नळ्यांत राहिलेली ओल खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर पडते. ओल राहिली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्वमध्ये गोठते किंवा आतून गंज चढवते. गेजचा काटा पाऱ्याच्या 28 इंचांवर जाऊन थांबला. तबकडी 30 पर्यंत होती, म्हणून मी विचारलं, पंप कमी पडतोय का? "पुण्यात एवढंच येतं ताई. मुंबईत तीसला टेकतो." पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे हवेचाच दाब तेवढा कमी. चाचांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, दोन्ही शहरांत काम केलंय म्हणून माहीत. पंप बंद करून चहा मागवला. चहा संपेपर्यंत काटा हलला नाही, म्हणजे आणखी गळती नाही. मग थोडं तेल आणि मोजून 450 ग्रॅम गॅस.

मधल्या काळात गॅरेजवाल्याचा फोन येऊन गेला. तो 'लीक-स्टॉप' टाकून देतो म्हणत होता, सहाशे रुपयांत गळती बंद. चाचांनी ऐकून फक्त मान हलवली. ते द्रावण बारीक भोकांत जाऊन घट्ट होतं, आणि एक्स्पान्शन व्हॉल्वचं भोक हेही बारीकच. शिवाय गळती पिनेला असेल तर पिन बदलायला पैसे पडतात तरी किती? स्वस्तातल्या गॅसच्या डब्यांबद्दलही त्यांनी बजावलं. काहींमध्ये भलताच, पेट घेणारा गॅस भरलेला असतो, म्हणून डबा आपल्यासमोर फोडायला सांगायचा आणि नाव वाचायचं.

हिशेब असा झाला. क्लचची मजुरी 600. पिन, टोप्या, ओ-रिंगा मिळून 250. गळती तपासणं, व्हॅक्यूम, तेल आणि गॅस 2,200. एकूण 3,050. कंडेन्सरच्या जाळीतला किड्यांचा आणि मातीचा थर पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन दिला, त्याचे काही घेतले नाहीत. जोराचा फवारा मारला तर जाळीची पाती वाकतात, म्हणून वॉशिंग सेंटरवाल्याला तिथे बंदूक लावू द्यायची नाही.

सर्व्हिस सेंटरचा सल्ला कधी बरोबर ठरला असता, हेही चाचांना विचारलं. कॉम्प्रेसरमधून खडखड येत असेल, तो जाम झाला असेल, तेलात चमकणारा चुरा दिसत असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडायचं नाही. तेव्हा भंगारातून जुना कॉम्प्रेसर आणून नुसता बसवला तर नळ्यांतला चुरा त्याचाही जीव घेतो. सगळं धुऊन, ड्रायर-कंडेन्सर बदलूनच काम करायचं, आणि मग आकडा वीस हजारांच्या पुढे जाणारच. आमच्या प्लेटमागेही आता एकच वायसर उरला आहे. तो काढायची वेळ येईल तेव्हा प्लेट-पुली-कॉइलचा सेट घ्यावा लागेल, पण तोही सुटा मिळतो, अख्खा कॉम्प्रेसर लागत नाही.

पक्कं तपासायचं तर ज्या परिस्थितीत दुखणं यायचं तीच पाहिजे. सोमवारी मुद्दाम चारलाच ऑफिसातून निघाले. स्वयंपाकघरातला तापमापक मधल्या जाळीत खोचला होता. कोंढव्याच्या चढावर एका डंपरमागे बराच वेळ अडकले, समोर धुळीचा लोट, बाहेर 39 अंश, जाळीत 9. कात्रज चौकात 10. घरी येईपर्यंत 'टक्' आवाज नीट येत राहिला. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले तर त्या म्हणाल्या, "जरा कमी कर गं, कान धरतात माझे."

कमी करायला गेले तर पंखा बंदच झाला. आमच्या ब्लोअरचे पहिले तीन वेग केव्हाच गेलेत, फक्त चौथा चालतो, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर उडालेला. ग्लव्ह बॉक्सच्या मागे दोन स्क्रूवर असतो. तो आणायला पुन्हा नाना पेठेत जायचंय, नमुना म्हणून जुना काढून ठेवलाय.